वाढीव पाट्याचा हिशेब

गाडीत माल किती भरलाय हे ओळखायची जुनी खूण म्हणजे तिचा मागचा भाग. भार जास्त झाला की गाडी मागून बसते, नाक वर करते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तिचे दिवे घुसतात. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या रस्त्यांवर मात्र ही खूण आता भरवशाची राहिलेली नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे निघालेल्या एखाद्या पिकअपवर दोरीने आवळलेले क्रेटचे थरावर थर असतात आणि तरीही ती मागून ताठ उभी असते. कंपनीने दिलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांना खाली आणखी एक-दोन पाटे जोडलेले असतात, ही त्यातली मेख.

हे काम करायला ना मोठी यंत्रं लागतात, ना मोठा खर्च. आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर अशा पुणे-नाशिक महामार्गावरच्या प्रत्येक मोठ्या गावात पाट्यांचं काम करणारा कारागीर सापडतो. यू बोल्ट सोडायचे, मधला बोल्ट काढायचा, पाटा घालायचा, लांब यू बोल्ट लावून पुन्हा आवळायचं. गाडी संध्याकाळी पुन्हा कामाला. मालकाच्या दृष्टीने ही दुरुस्तीच असते. कायद्याच्या दृष्टीने ती दुरुस्ती नसते, आणि हा फरक २०१९ सालापासून महागात पडू शकतो.

त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या के. जयचंद्र खटल्याचा निकाल दिला. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठासमोर प्रश्न होता मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ चा. गाडीत असा बदल करू नये, की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल, असं हे कलम सांगतं. बदल केंद्रीय नियमांशी विसंगत नसेल तर चालेल, असा केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. निर्मात्याने दिलेली मूळ रचना बदलता येणार नाही, असं ठणकावून सांगितलं. रंग बदलणं किंवा बारीकसारीक उपसामान बसवणं वेगळं. सांगाडा आणि मूळ घडण वेगळी.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याची. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या तरतुदींमध्ये कलम १८२ए नव्या रूपात आलं. परवानगी नसलेल्या पद्धतीने गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. बाहेरून आणलेले भाग बसवणंही त्यात स्पष्ट शब्दांत धरलेलं आहे. दंड गाडीमागे नाही, बदलामागे आहे, हे लक्षात घ्यायला हवं. वाढीव पाटे, वाढीव फळ्या आणि पुढे ठोकलेला लोखंडी गार्ड हे कायद्याच्या हिशेबात तीन वेगवेगळे बदल ठरू शकतात.

महाराष्ट्रात या वाढीव दंडांना आधी दार उघडलं नाही. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला पत्र लिहून फेरविचाराची मागणी केली, विधानसभा निवडणूक तोंडावर होती, आणि दंडवाढ बाजूला राहिली. राज्याने नवे दर लागू केले ते डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या गाडीमालकाला देशातल्या बऱ्याच राज्यांपेक्षा दोन वर्षं जास्त मिळाली. त्या दोन वर्षांत पाटे कमी झाले असं मात्र कुणी म्हणणार नाही.

पाटे का वाढतात याचं उत्तर बाजारात आहे. नारायणगाव हा जुन्नर बाजार समितीचा उपबाजार, टोमॅटोसाठी राज्याबाहेरही ओळखला जाणारा. इथे व्यवहार २० किलोच्या क्रेटवर चालतो. जुलै २०२३ मध्ये भाव कडाडले तेव्हा एका क्रेटने दोन हजार रुपयांचा टप्पा ओलांडला होता. एरवी हाच क्रेट शंभर-दीडशेलाही कुणी विचारत नाही, असे दिवस शेतकऱ्यांनी पाहिले आहेत. भाव कुठलाही असो, वाहतूकदाराचं भाडं क्रेटमागे ठरतं. दीड टन क्षमतेच्या पिकअपमध्ये रिकाम्या क्रेटचं वजन सोडून दिलं तरी फार तर ७५ क्रेट बसवता येतात. पण ७५ क्रेटच्या भाड्यात डिझेल, चालक, गाडीचा हप्ता आणि बाजारात रांगेत गेलेला वेळ बसवताना मालकाची दमछाक होते. मग क्रेट वाढतात आणि त्यांच्या मागोमाग पाटे.

इथे मालकांची एक बाजू खरी आहे आणि ती नीट ऐकायला हवी. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूच्या गावांतले रस्ते, किंवा शेतातून मुख्य रस्त्याला येणारे पाणंद रस्ते पावसाळ्यात काय होतात हे तिथे गाडी नेणाऱ्यालाच ठाऊक. अशा वाटेवर कंपनीचा पाटा मोडतो, आणि तो मोडतो तेव्हा गाडीत नाशवंत माल असतो. मोडलेल्या पाट्याच्या जागी त्याच मापाचा, त्याच जाडीचा पाटा घालणं ही दुरुस्ती आहे आणि तिला कुणाची हरकत नाही. अडचण पुढे सुरू होते. ‘परत मोडायला नको’ म्हणून जाड पाटा घातला जातो, मग एक जास्तीचा, आणि गाडी आता जास्त वजन सोसते असा समज होऊन तेवढं वजन तिच्यावर घातलंही जातं.

पाट्यांची रचना दिसते त्यापेक्षा हुशार असते. सगळ्यात लांब तो मुख्य पाटा. त्याची टोकं वळवून डोळे केलेले असतात आणि त्यांत बुश बसतात. एक टोक सांगाड्याला पक्कं जोडलेलं, दुसरं शॅकलवर हलतं, कारण भार आला की कमान सरळ होते आणि पाटा लांबतो. मुख्य पाट्याखाली एकाहून एक आखूड पाटे रचलेले असतात. मध्यभागी ताण सर्वांत जास्त, म्हणून तिथे पाट्यांची गर्दी. टोकाकडे कमी, म्हणून तिथे एकच पाटा. हादरा बसला की पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात हादऱ्याची काही ताकद जिरते. बऱ्याच मालवाहू गाड्यांत शेवटी एक वेगळा मदतनीस पाटा असतो. गाडी रिकामी असताना तो कामच करत नाही, ठरावीक भार आल्यावरच टेकतो. म्हणजे जास्त भाराची सोय कंपनीने आधीच केलेली असते, पण ठरलेल्या मर्यादेपर्यंत.

या रचनेत हात घातला की आकडे झपाट्याने बदलतात. एकाच जाडीचे पाच पाटे असलेल्या जागी सात केले, तर ताठरपणा ढोबळमानाने ४० टक्क्यांनी वाढतो. जाडीचा परिणाम याहून तीव्र, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो: आठ मिलिमीटरच्या जागी दहा मिलिमीटर जाडीचा पाटा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो. भंगारातून मिळालेला मोठ्या ट्रकचा पाटा कापून पिकअपला बसवला जातो, तेव्हा नेमकं हेच घडतं.

त्यात आणखी एक धोका भट्टीचा. पाट्याचं पोलाद सिलिकॉन आणि मँगनीज मिसळलेलं खास पोलाद असतं. कारखान्यात ते तापवून, तेलात बुडवून, पुन्हा ठरावीक तापमानाला नेऊन मुरवलं जातं. त्यातून पोलादाला वाकून परत सरळ होण्याचा गुण येतो. रस्त्याकडेला गॅसची ज्योत लावून पाट्याला जास्त कमान दिली की तो गुण त्या जागी मरतो. पाटा दिसायला चांगला, पण एक तर पुन्हा बसतो, नाही तर कडक होऊन काचेसारखा तडकतो. पाट्यावर वेल्डिंग केलं तर तडा कुठून सुरू होईल हे कारागीर आधीच सांगू शकतो: जोडाच्या कडेपासून.

पाटा ताठ झाला तरी त्याच्याखालचं काहीच बदललेलं नसतं, आणि वाढीव पाट्याच्या सगळ्या गोष्टीत लोकांच्या सर्वांत कमी लक्षात येणारी बाब हीच आहे. एक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकही तेच. चाकाच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या साधारण तिसऱ्या घाताच्या प्रमाणात घटतं. दीडपट भार म्हणजे आयुष्य एक तृतीयांशाच्याही खाली. टायरच्या बाजूवर त्याची भारक्षमता कोरलेली असते. १०० हा निर्देशांक असेल तर एका टायरवर ८०० किलो, १०२ असेल तर ८५०. त्यापुढे टायर तापतो, आणि तापलेला टायर नारायणगावच्या वेशीवर फुटेल की माळशेज उतरताना, हे कुणाच्या हाती नसतं.

पण सर्वांत गमतीची, आणि सर्वांत घातक, फसगत होते ती ब्रेकची. अनेक पिकअप आणि हलक्या मालवाहू गाड्यांत मागच्या एक्सलपाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. एका दांडीने तो एक्सलला जोडलेला असतो. गाडी रिकामी असताना मागचा भाग वर असतो. तेव्हा जोराचा ब्रेक मारला तर मागची चाकं अडकून गाडी घसरेल, म्हणून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. माल भरला की गाडी बसते, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब जाऊ देतो. भार किती हे तो वजनावरून नाही, उंचीवरून ओळखतो. आता पाटे वाढवून गाडी बसूच दिली नाही तर? व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते. ज्या गाडीला सर्वांत जास्त ब्रेक हवा, तिला तो सर्वांत कमी मिळतो. रस्त्यावरच्या पोलिसाची नजर चुकवण्यासाठी केलेला उपाय गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेलाही चकवतो.

हिशेब मांडून पाहू. रिकामी गाडी १,७०० किलोची धरली आणि तिच्यात १,५०० किलो माल भरला, तर एकूण ३,२०० किलो. त्याच गाडीत १२० क्रेट, म्हणजे २,४०० किलो टोमॅटो भरला तर एकूण ४,१०० किलो. त्याच वेगातून थांबताना ब्रेकना २८ टक्के जास्त ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. सपाटीवर हे खपून जातं. माळशेज घाटात, जुन्नरच्या बाजूने कल्याणकडे उतरताना, ब्रेक पुन्हा पुन्हा लागतात, ड्रम तापतात आणि एका क्षणी पायाखालचा ब्रेक मऊ वाटू लागतो. परतीच्या वाटेवर याच्या उलट दुखणं. रिकामी गाडी ताठ पाट्यांवर उडत जाते, मागची चाकं खड्ड्यानंतर क्षणभर रस्ता सोडतात, आणि ओल्या वळणावर तेवढा क्षण पुरतो.

उंचीचाही एक साधा नियम आहे. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा आकडा जितका लहान तितकी गाडी उलटायला सोपी. चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य १ मीटरवर असेल तर उत्तर ०.७ येतं. पाट्यांनी गाडी दहा सेंटिमीटर उचलली की ते ०.६४ होतं. वर रचलेल्या क्रेटनी गुरुत्वमध्य आधीच वर नेलेला असतो, हे वेगळंच.

उंच गाडीचा शौक हा दुसऱ्या वर्गाचा विषय. जुन्नर हा २०१८ मध्ये राज्याचा पहिला विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला. नाणेघाट, दुर्गवाडी, शिवनेरी, माळशेजचे धबधबे अशा जागी शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांत उचललेल्या थार दिसतात: स्प्रिंगखाली ठोकळे, मोठे टायर, पुढे गार्ड. गुंडाळी स्प्रिंग असलेल्या गाडीला असं उचललं की स्टीअरिंगचे कोन बदलतात, मागच्या शाफ्टचा कोन बदलून त्याचे सांधे लवकर झिजतात आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. हौशी मालक भाज्यांच्या पिकअपवाल्यापेक्षा जास्त खर्च करतो आणि कायद्याच्या तावडीत मात्र जास्त सहज सापडतो, कारण त्याचा बदल लपवण्यासाठी नसतो, दाखवण्यासाठी असतो. केरळमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये दोन यूट्यूबर भावांची फिरतं घर केलेली गाडी परिवहन खात्याने कन्नूरला ताब्यात घेतली तेव्हा चाहत्यांनी मोठा गदारोळ केला होता. जयचंद्र खटलाही केरळचाच. या बाबतीत ते राज्य महाराष्ट्रापेक्षा कडक आहे, हे मान्य करायला हवं.

दिखाऊ उंचीवरचा सर्वांत नेमका कायदा मात्र अमेरिकेत झाला. तिथल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना राज्यांत तरुण आपल्या पिकअपचा पुढचा भाग खूप उचलतात आणि मागचा खाली बसवतात. म्हणजे आपल्याकडे जादा माल भरल्यावर गाडी जशी दिसते, तशी ती मुद्दाम करून घेतात! चालकाला बॉनेटपुढचं मूल दिसत नाही, दिवे आभाळाकडे जातात. नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून नियम केला: पुढच्या चाकावरच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा चार इंचांनी किंवा त्याहून जास्त असता कामा नये. साउथ कॅरोलायनाचा कायदा नोव्हेंबर २०२३ मध्ये लागू झाला. पहिले १८० दिवस नुसती ताकीद, नंतर पहिल्या वेळी १०० डॉलर, दुसऱ्या वेळी २००, तिसऱ्या वेळी ३०० डॉलर आणि वर्षभर परवाना बंद. व्हर्जिनिया आणि टेनेसीनेही बंदी घातली.

या कायद्यांतली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मापाची पट्टी. पोलिसाने गाडी थांबवायची, पुढे मोजायचं, मागे मोजायचं, वजाबाकी करायची. वादाला जागा नाही. आपल्या कलम ५२ मध्ये तत्त्व भक्कम आहे, पण पट्टी नाही. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, रिकाम्या गाडीचं वजन असतं, भरलेल्या गाडीचं कमाल वजन असतं, चाकांच्या जोड्यांमधलं अंतर असतं. पाटे किती, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ती संख्या निर्मात्याच्या मंजूर आराखड्यात असते. तो आराखडा तपासण्याचं काम ज्या संस्था करतात, त्यांतली एआरएआय ही १९६६ पासून पुण्यातच आहे आणि तिचं एक केंद्र चाकणला, मंचरहून तासाभराच्या वाटेवर. म्हणजे गाडीचं कागदावरचं वजन याच जिल्ह्यात ठरू शकतं, आणि त्याच रस्त्याने थोडं पुढे गेलं की ते मोडलं जातं. महामार्गावर उभ्या असलेल्या शिपायाकडे मात्र तो आराखडा नसतो. तो पाटे मोजणार तरी कशाशी ताडून?

म्हणून प्रत्यक्षात पाट्यांचा कायदा वजनकाट्यावर येऊन थांबतो. जादा भारासाठी कलम १९४ आहे. २०१९ च्या आधी दंड होता दोन हजार रुपये आणि जादा टनामागे एक हजार. आता तो वीस हजार आणि जादा टनामागे दोन हजार, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. टोमॅटोच्या गाडीला ही शेवटची अट दंडापेक्षा जिव्हारी लागते. जून महिन्याच्या दुपारी रस्त्याकडेला उतरवलेला टोमॅटो संध्याकाळी बाजारात कोण घेणार?

दुसरा अडसर पासिंगचा. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. दोन्ही तालुक्यांतल्या गाड्यांवर एमएच १४ चं पासिंग असतं, म्हणजे काम पिंपरी-चिंचवडच्या, आता मोशीला असलेल्या कार्यालयाकडे. पासिंगच्या आदल्या दिवशी वाढीव पाटे आणि फळ्या उतरवायच्या, गाडी दाखवून आणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवायच्या, ही मालवाहतुकीच्या धंद्यातली जुनी युक्ती. वर्षातले एक-दोन दिवस गाडी कायदेशीर असते. नव्या कायद्याला मालकांनी दिलेला प्रतिसाद प्रामाणिकपणे सांगायचा तर तो हा आहे: विरोध नाही, पालन नाही, फक्त सोयीपुरतं उतरवणं आणि चढवणं.

याच दोन तालुक्यांनी दुसऱ्या एका गाडीच्या कायद्याला दिलेला प्रतिसाद आठवला की हा गप्पपणा जास्तच उठून दिसतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या. जुन्नर, आंबेगाव, खेडमधले गाडामालक गप्प बसले नाहीत. आंदोलनं झाली, निवडणुकांत तो मुद्दा झाला, २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, ती न्यायालयात अडकली, १६ डिसेंबर २०२१ रोजी तात्पुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना मान्यता देणारा कायदा वैध ठरवला. नऊ वर्षं लोक उघडपणे भांडले. बैलगाड्याला परंपरेचा आधार होता. वाढीव पाट्याला तो नाही आणि त्याच्या बाजूने व्यासपीठावर उभं राहून बोलण्याजोगं काही नाही, हे मालकांनाही कळतं. पण क्रेटमागच्या भाड्याबद्दल बोलण्याजोगं खूप आहे, आणि त्याबद्दलही कुणी बोलत नाही, ही खरी खंत.

जादा भार हा फक्त गाडीमालकाचा आणि त्याच्या जिवाचा प्रश्न नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठा प्रयोग झाला. रस्त्याची झीज एक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हा त्याचा निष्कर्ष आजही रस्ते आखताना वापरला जातो. भार २० टक्के वाढला तर झीज दुप्पट. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्राने ट्रकच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली, दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन केलं. वाहतूकदारांना तो दिलासा होता, पण चौथ्या घाताच्या हिशेबाने तेवढ्यानेही एका एक्सलमागची झीज ६० टक्क्यांनी वाढते. ऊस हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांकडे जाणाऱ्या वाटांची जी अवस्था होते, तिच्यामागे हाच घात आहे. पाटा मोडतो म्हणून जाड पाटा, जाड पाट्यावर जास्त माल, जास्त मालाने रस्ता उखडतो आणि उखडलेल्या रस्त्यावर पुन्हा पाटा मोडतो.

पिकअपमधून माणसंही जातात, हे विसरून चालणार नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी शेजारच्या खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप चढावर मागे येऊन खाली कोसळली आणि दहा महिलांचा जीव गेला. त्या गाडीच्या पाट्यांचा इथे संबंध जोडायचा नाही. पण माल वाहण्यासाठी बांधलेली गाडी डोंगरातल्या वाटेवर किती कमी चुका माफ करते, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याने पाहिलं.

विम्याची गोष्ट थोडक्यात. अपघातानंतर पाहणी करणारा माणूस गाडीखाली वाकून पाहतो. बदल कळवलेला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू किंवा लांबवू शकते. वर्षभर वाचवलेलं भाडं त्या एका दाव्यात जातं.

मग करायचं काय? एक मार्ग सरळ आहे: रोजचा माल दोन टनांचा असेल तर दोन टनांचीच गाडी घेणं. पिकअपच्या बाजारात आता १.३ टनांपासून २ टनांपर्यंतचे प्रकार मिळतात. जास्त क्षमतेच्या गाडीत नुसते पाटे जाड नसतात. एक्सल, टायर आणि ब्रेक त्याच मापाने येतात. हप्ता वाढतो, हे खरं. पण वर्षातून तीनदा बदललेले पाटे, बुश, बेअरिंग आणि टायर यांची बेरीज मालक सहसा एका कागदावर मांडत नाहीत. ती मांडली तर वाढलेल्या हप्त्याकडे पाहण्याची नजर बदलेल.

दुसरा मार्ग मालकाच्या एकट्याच्या हातात नाही. कलम १९४ नीट वाचलं तर ते फक्त चालवणाऱ्याला धरत नाही. जादा भाराची गाडी चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही धरतं. म्हणजे शंभर क्रेट चढवून ‘होईल रे, ने’ म्हणणारा माल पाठवणाराही त्यात येतो. कायद्याचा हा भाग झोपलेला आहे आणि दंडाची पावती चालकाच्या नावाने फाटते. बाजार समित्यांनी आवारात येणाऱ्या आणि आवारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या भुईकाट्याच्या पावतीला भाड्याच्या पावतीशी जोडलं, आणि भाडं क्रेटऐवजी वजनावर व आरसीतल्या मर्यादेपर्यंतच ठरवलं, तर वाढीव पाट्याला गिऱ्हाईकच उरणार नाही. मंचरचा कांदा आणि जुन्नर-ओतूरचा बाजार दहा किलोच्या भावावर चालतो; काटा तिथे आहेच. तो फक्त मालासाठी वापरला जातो, गाडीसाठी नाही.

तोवर दोन्ही तालुक्यांतल्या मालकांनी एक साधं काम करून पाहावं. गाडी एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या मालासह भुईकाट्यावर घालावी, दोन्ही पावत्या आरसीतल्या कमाल वजनाशेजारी ठेवाव्यात, आणि जेवढा फरक जास्त निघेल तेवढे क्रेट पुढच्या खेपेला उतरवावेत. पाटा मोडला तर गाडीच्या मॉडेलचं नाव सांगून कंपनीच्या मापाचाच पाटा मागावा, आणि कारागिराने भट्टी पेटवली तर त्याला थांबवावं.